मुरलेली की ताजी?

आमचे एक स्नेही ब्रुसेल्स येथील आपल्या वकिलातीत तीन वर्षे काढून गेल्या हिवाळ्यात मायदेशी परतले आणि दिल्लीस रुजू होण्यापूर्वी दोन दिवस आमच्याकडे कोलकात्यास उतरले. सामान उघडताच त्यांनी जुन्या सुती साडीत गुंडाळलेली एक बाटली काढून आमच्या हाती दिली आणि बजावले, "हे बघ, घाई करू नकोस. वर्ष-दोन वर्षे ठेव. ही मुरते." तोच आतून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, यांचं काही ऐकू नका. ताजी आहे तोवर उघडा. ठेवलीत तर वास उडून जाईल आणि नुसता घोड्याचा तबेला हाती राहील." हा वाद त्या दांपत्यात ब्रुसेल्सपासून चालत आला असावा, कारण उभयतांची वाक्ये अगदी घोटून गुळगुळीत झालेली दिसली. पाहुणे दिल्लीस गेले, बाटली आमच्या कपाटाच्या खालच्या खणात राहिली आणि वादही आमच्याच पदरी आला.

कोणतेही प्रकरण निकालात काढण्यापूर्वी मागील कागदपत्रे पाहावीत, अशी आमच्या सरकारी खात्याची शिस्त आहे. तीस अनुसरून आम्ही काही शनिवार अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात घालविले. ज्या घरात दारू हा शब्द लहानांसमोर उच्चारला जात नसे, अशा घरात आम्ही वाढलो. तेव्हा या विषयात आमचा अधिकार तो काय, असे वाचक विचारतील. अधिकार काहीही नाही. परंतु मुरणे म्हणजे काय हे मराठी माणसास कोणी शिकवावयास नको. कैरीचे करकरीत ताजे लोणचे आवडणारे आणि बरणीच्या तळाचे, वर्ष उलटलेले, काळपट खार सुटलेले लोणचे मागणारे असे दोन पक्ष प्रत्येक घरात असतात. इतकेच नव्हे, तर चरकसंहितेनेही नवे मद्य जड व दोषकारक आणि जुने मद्य हलके, दीपक व स्रोतसांची शुद्धी करणारे असा भेद केला आहे. तेव्हा प्रश्न जुनाच आहे. आमच्या पुढ्यात तो फक्त बिअरच्या रूपाने आला.

ही बिअर साधी नव्हे. तिच्यात दोन गोष्टी एकत्र नांदतात आणि त्यांचे परस्परांशी पटत नाही. पहिली गोष्ट हॉप. हा एका वेलीचा शंकूसारखा फुलोरा असून त्यातील पिवळ्या परागासारख्या भुकटीत कडू राळ आणि सुगंधी तेले असतात. हॉपमुळे पेय टिकते, अशी नोंद बाराव्या शतकातच बिंगेनच्या हिल्डेगार्ड या जर्मन जोगिणीने करून ठेवली आहे. आज आपणांस त्याचे कारण ठाऊक आहे: हॉपचे कडू द्रव्य पेय आंबट करणाऱ्या दुग्धाम्ल-जिवाणूंची वाढ रोखते. परंतु हॉपचा सुगंध मात्र उडून जाणारा. प्राणवायूचा स्पर्श झाला की तो पालटतो, काही महिन्यांत मंदावतो, आणि कडूपणाही वर्षागणिक ओसरत जातो. म्हणून हॉपचे सांगणे एकच, मला लवकर प्या.

दुसरी गोष्ट वन्य यीस्ट. साखरेचे मद्य करणारे नेहमीचे यीस्ट आपले काम आठवड्याभरात उरकते आणि तळाशी बसते. जटिल शर्करा त्यास पचत नाहीत. त्या पेयात उरतात व त्यास गोडी आणि अंग देतात. वन्य यीस्ट मात्र या उरलेल्या शर्कराही महिनोन्‌महिने हळूहळू खात बसते. त्याला हॉपच्या कडूपणाचे भय नाही. ते जसजसे खात जाते तसतशी बिअर कोरडी होते, वायू वाढतो, मद्यांश किंचित वर सरकतो आणि प्रथम फळासारखा, पुढे चामड्यासारखा, जिनासारखा वास उमटतो. वहिनींचा तबेला तो हाच. या यीस्टचे सांगणे नेमके उलटे, थांबा.

आता हा तंटा इतिहासात प्रथम कोठे रंगला ते पाहू गेल्यास इंग्लंडकडे वळावे लागते. अठराव्या शतकात तेथे ताज्या बिअरला 'माइल्ड' व मुरलेल्या बिअरला 'स्टेल' म्हणत. आज 'स्टेल' या शब्दाचा अर्थ शिळा असा होतो व तो निंदेचा आहे; त्या काळी मात्र तो स्तुतीचा होता आणि स्टेल बिअरला भावही अधिक येई. लंडनच्या पोर्टर नावाच्या काळ्या बिअरची कीर्ती या मुरवण्यावरच उभी राहिली. प्रचंड लाकडी पिंपांतून ती महिनोन्‌महिने ठेवीत, आणि गिऱ्हाईक आपल्या ऐपतीप्रमाणे व आवडीप्रमाणे ताजी-मुरलेली मिसळून मागे. जमीनदारांच्या वाड्यांत याहून निराळी चाल होती. ऑक्टोबरात, नव्या हंगामाचे सातू व हॉप हाती आले म्हणजे, कडक व भरपूर कडू अशी फिकट रंगाची बिअर करीत आणि ती तळघरात एक-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ मुरत ठेवीत. या 'ऑक्टोबर बिअर'चाच एक फाटा आपल्या देशापर्यंत येऊन पोहोचला.

ती कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. लंडनच्या पूर्वेस बो येथे हॉजसन यांची मद्यशाळा होती. ती 1752 साली निघाली. हिंदुस्थानात जाणाऱ्या बिअरी वाटेत नासत, म्हणून जॉर्ज हॉजसन याने जादा हॉप व जादा मद्यांश घालून 'इंडिया पेल एल' शोधून काढली, अशी ती कथा. बिअरचे इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांनी कागदपत्रे चाळून ही कथा निराधार असल्याचे दाखविले, आणि आमच्या मते ते पूर्णतः बरोबर आहेत. उष्ण देशात धाडावयाच्या बिअरीत हॉप अधिक घालावा, हा सल्ला मद्यकारांस 1760 च्या दशकापासूनच मिळत होता. पोर्टरही हिंदुस्थानास सुखरूप पोहोचत असे, आणि गोऱ्या शिपायांसाठी पुढे दीर्घकाळ तीच येत राहिली. कलकत्ता गॅझेटातील वेचे सेटन-कार याने 1864 पासून खंडशः प्रसिद्ध केले. त्यांत हॉजसनचा गाजावाजा होण्यापूर्वीच्या, 1784 च्या सुमारास पोर्टर व पेल एल यांची विक्री जाहीर झालेली दिसते. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव तर 1829 साली प्रथम आढळते आणि तेही येथे नव्हे, सिडनीच्या एका वृत्तपत्रातील जाहिरातीत.

हॉजसनचे खरे भांडवल म्हणजे त्याची जागा व त्याची उधारी. कंपनीची जहाजे ज्या ब्लॅकवॉलच्या धक्क्यावर भरली जात तो त्याच्या मद्यशाळेपासून जवळ होता. जहाजांच्या कप्तानांस स्वतःच्या खाजगी व्यापारापुरता माल नेण्याची मुभा असे. हॉजसन त्यांस दीड वर्षापर्यंत उधार माल देई. कप्तानांनी त्याची ऑक्टोबर बिअर नेली, ती येथे आवडली, एवढेच घडले. 1822 साली कलकत्त्याच्या गॅझेटात 'अस्सल ऑक्टोबरची' अशी खूण सांगून हॉजसनची बिअर विकावयास काढली होती, यावरून गिऱ्हाइकाला ती कशासाठी हवी होती हे उघड होते.

मौज अशी की, जी बिअर वाड्यातल्या थंड तळघरात दोन वर्षे मुरावयाची ती येथे चार ते सहा महिन्यांत मुरून येई. केप ऑफ गुड होपला वळसा, दोन वेळा विषुववृत्त, तळखणातली उष्णता व अहोरात्र हेलकावे. मदिराची वाईन या प्रवासाने सुधारते ही समजूत त्या काळच्या व्यापाऱ्यांत रुजलेलीच होती, आणि पिंपाच्या लाकडात दडून बसलेल्या यीस्टला ऊब मिळाल्यावर त्याने आपले काम झपाट्याने उरकले असले पाहिजे. त्या काळी कोणासही हे यीस्ट ठाऊक नव्हते. पिंपे येथे उतरली की बिअर बाटल्यांत भरीत. साहेबाचा 'आबदार' सोरा घातलेल्या पाण्यात बाटल्या फिरवून त्या गार करी. अमेरिकेतून बर्फाचे पहिले जहाज कलकत्त्यास लागले ते 1833 साली. पोर्टर शिपायांचे पेय. पेल एल मात्र अधिकाऱ्यांचे व कंपनीच्या कारकुनांचे. या कारकुनांस 'रायटर' म्हणत आणि त्यांच्यासाठी बांधलेली रायटर्स बिल्डिंग आमच्या कचेरीच्या वाटेवरच लागते. तिच्यापुढून जाताना आमचे हे दूरचे व्यवसायबंधू कोणत्या पक्षाचे असतील, असा विचार हल्ली आमच्या मनात येतो. मुरलेलीच पिण्याखेरीज त्यांस गत्यंतर नव्हते, हे खरे.

पुढे हॉजसनच्या वारसांना लोभ सुटला. कप्तानांस डावलून त्यांनी स्वतःच माल पाठविण्याचा घाट घातला व उधारी बंद केली. कंपनीचे संचालक कॅम्बेल मार्जोरीबँक्स यांनी 1822 च्या सुमारास बर्टन गावच्या सॅम्युएल ऑलसॉप यास बोलावून हॉजसनसारखी बिअर करण्यास सुचविले. नव्या रशियन जकातीमुळे ऑलसॉपचा बाल्टिककडील व्यापार नुकताच बुडाला होता; तो तयार झाला. त्याचा माल्ट तयार करणारा जॉब गुडहेड याने पहिला नमुना चहाच्या किटलीत केला, अशी आख्यायिका आहे. 1823 साली ऑलसॉपची बिअर निघाली, पाठोपाठ बास आले. बर्टनच्या पाण्यात चिरोडी विरघळलेली असल्याने फिकट व कडू बिअर तेथे लंडनहून स्वच्छ उतरे. हिंदुस्थानास धाडण्यापूर्वी तेथे पिंपे महिनोन्‌महिने आवारात ठेवीत. खाण्याजोगी साखर आधीच संपून जावी आणि वाटेत पिंपे फुटू नयेत, हा त्यातला व्यवहार. म्हणजे मुरवणे हे चवीइतकेच सुरक्षिततेसाठी होते, हे विसरता कामा नये.

हिंदुस्थानातच बिअर होऊ लागल्यावर या प्रवासाची गरज उरली नाही. हिमाचलातील कसौलीस एडवर्ड डायर याने मद्यशाळा काढली. पुढे मरी येथेही मद्यशाळा झाली व तिचा कारभारही त्याच्याकडे होता. 1864 साली मरी येथे जन्मलेला त्याचा मुलगा रेजिनाल्ड पुढे जालियनवाला बागेत सर्वांच्या परिचयाचा झाला. इंग्लंडातही याच सुमारास वारे फिरले. 1869 साली सुएझचा कालवा खुला झाला, 1880 साली ग्लॅडस्टनने माल्टवरील कर उठविला, आणि भांडवल वर्षभर पिंपांत अडकवून ठेवण्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांत विकता येणारी हलकी बिअर मद्यशाळांस परवडू लागली. लोकांच्या जिभाही पालटल्या. 'स्टेल' हा शब्द हळूहळू शिवी झाला. जीभ आधी पालटली की हिशेबाची वही, हे सांगणे कठीण. आमचा संशय वहीवर आहे.

अशा वेळी, म्हणजे गाव वेशीबाहेर निघाल्यावर, शास्त्रज्ञांनी चोर पकडला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्तियन हान्सन याने 1883 साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविण्याची रीत सिद्ध केली. युरोपभर तिचा स्वीकार झाला. इंग्लंडात मात्र शुद्ध यीस्टने केलेल्या मुरवावयाच्या बिअरला पूर्वीची चव येईना. 1889 साली सेंट पीटर्सबर्गच्या कालिंकिन मद्यशाळेतील सेफर्ट याने इंग्लिश बिअरमधून एक निराळे यीस्ट वेगळे काढले होते. अखेर कार्ल्सबर्गचेच निल्स येल्टे क्लाउसेन यांनी 1904 साली लंडनमध्ये ब्रुइंग इन्स्टिट्यूटपुढे निबंध वाचला. मुरलेल्या इंग्लिश बिअरचा खास गुण नेहमीच्या यीस्टचा नसून दुसऱ्या एका यीस्टचा आहे, असे त्यांनी त्यात मांडले आणि त्यास 'ब्रेटॅनोमायसिस', म्हणजे ब्रिटनची बुरशी, असे नाव दिले. आदल्याच वर्षी त्यांनी त्याच्या वापराचे पेटंटही घेतले होते. एखाद्या सूक्ष्मजीवासंबंधी घेतलेले ते पहिले पेटंट मानले जाते. ज्या गोष्टीस इंग्रज मद्यकार पिढ्यान्‌पिढ्या 'पिंपाचा गुण' म्हणत, ती आता नळीत भरून विकत मिळणार होती. पण विकत घेणार कोण? मुरलेल्या बिअरचे गिऱ्हाईक सरत चालले होते. जे यीस्ट इंग्लंडचे नाव घेऊन जन्मास आले ते तेथील मद्यशाळांतून बहुतेक हद्दपार झाले, आणि जगभर, विशेषतः वाईनच्या धंद्यात, रोग म्हणूनच ओळखले जाऊ लागले.

ते टिकले बेल्जियममध्ये. 1921 साली ब्रुसेल्सच्या परिसरातील लाम्बिक बिअरमधून कुफेराथ व व्हान लार यांनी त्याची दुसरी जात वेगळी काढली. लाम्बिकमध्ये यीस्ट घालीत नाहीत. ते हवेतून व लाकडातून आपोआप येते आणि पेय एक ते तीन वर्षे मुरते. परंतु येथे आमच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण लाम्बिकवाले मुद्दाम दोन-तीन वर्षे जुना, कडूपणा व सुगंध गेलेला हॉप वापरतात. टिकाऊपणा हवा पण हॉपची चव नको, असा त्यांचा बेत. दोन भांडखोरांपैकी एकास त्यांनी आधीच म्हातारा करून ठेवले, म्हणून घरात शांतता.

दोघांसही तरणेबांड ठेवून एका बाटलीत कोंडण्याचा उपद्व्याप केला तो ऑर्व्हलच्या मठाने. हा मठ बेल्जियमच्या दक्षिण टोकास, फ्रान्सच्या सरहद्दीजवळ आहे. 1070 साली इटलीतून आलेल्या साधूंनी तेथे वस्ती केली. 1132 साली तो सिस्टर्शियन पंथाकडे गेला. टस्कनीची काउंटेस माटिल्डा हिची अंगठी तेथील झऱ्यात पडली आणि एका माशाने ती तोंडात धरून वर आणून दिली, म्हणून त्या सोन्यासारख्या दरीचे नाव ऑर्व्हल, अशी दंतकथा आहे. बाटलीवर तोंडात अंगठी धरलेला मासा पाहून आम्हांस शाकुंतलाची आठवण न होती तरच नवल. फरक एवढाच की, कालिदासाच्या माशाला त्यासाठी जिवास मुकावे लागले. 1793 साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या सैन्याने मठ जाळला. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तो भग्न पडून होता. 1926 साली पुनर्बांधणी सुरू झाली, आणि तिच्या खर्चासाठी 1931 साली मद्यशाळा निघाली. तेथील पहिला मद्यकार पापेनहायमर हा जर्मन. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या जॉन व्हानह्यूल नावाच्या बेल्जियन गृहस्थाने इंग्लंडात दिवस काढले होते. मुरण्याच्या टाकीत कोरडा हॉप सोडण्याची इंग्रजी रीत ऑर्व्हलला याच्याकडून मिळाली, असे सांगतात. हॉजसन आणि ऑलसॉप यांच्या पिंपांतही हॉप असाच सोडलेला असे. त्यावर ब्रेटॅनोमायसिस. अशा रीतीने इंग्लंडने टाकून दिलेले हॉप-यीस्टाचे जोडपे एका बेल्जियन मठात नांदू लागले. कलकत्त्यातील रायटरांच्या तोंडची बिअर आज जगात कोठे उरली असेल, तर तिची सर्वांत जवळची नातलग आमच्या कपाटाच्या खालच्या खणात होती, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

मठाचे स्वतःचे म्हणणे काय? बाटलीवर भरल्याची तारीख असते व त्यापुढे पाच वर्षांची मुदत. काही आठवडे कोठीत ठेवल्याशिवाय माल बाहेर जात नाही. म्हणजे अगदी ताजी ती कोणासच मिळत नाही. पुढचा निर्णय त्यांनी पिणाऱ्यावर सोडला आहे, आणि बेल्जियममध्ये काही पानगृहांतून "कोवळी की जुनी?" असे गिऱ्हाइकास विचारून मगच बाटली आणतात. पहिले तीन-चार महिने हॉपचे राज्य: फुलांचा, संत्र्याच्या सालीचा वास आणि ठसठशीत कडूपणा. सहा महिन्यांच्या आसपास यीस्टचा आवाज ऐकू येऊ लागतो. वर्षानंतर कडूपणा मागे सरतो, बिअर कोरडी व फसफसणारी होते. दोन-तीन वर्षांनी हॉप केवळ आठवणीपुरता उरतो. वन्य यीस्ट प्राणवायू खाऊन टाकत असल्याने साध्या कडू बिअरीसारखी ही चटकन पुठ्ठ्यासारखी होत नाही. स्नेह्यांच्या बाजूचा हा सर्वांत बळकट पुरावा. पण ते एक विसरतात. हे सारे दहा ते पंधरा अंशांच्या तळघरातले पंचांग आहे. कोलकात्याच्या वैशाखात आमच्या कपाटातला पारा पस्तिशीच्या वर असतो. तेथे वर्षभर ठेवणे म्हणजे पुन्हा केपचा वळसा घालणेच. शीतकपाटात ठेवावी तर यीस्ट झोपी जाते आणि हॉप तेवढा हळूहळू म्हातारा होतो. म्हणजे दोहोंकडून तोटा.

सर्व कागद पाहिल्यावर आमचे मत असे झाले की, जिच्यात दोघेही बोलताना ऐकू येतात ती, सहा महिने ते वर्ष या वयाची, बिअरच काय ती पाहण्याजोगी. त्यापूर्वीची चांगली कडू बिअर दुसरीकडेही मिळते, आणि तीन वर्षांनंतरची ही कुतूहलाची वस्तू होय. इंग्रजांनी दोन-दोन वर्षे मुरवली खरी. परंतु त्यातला निम्मा भाग पिंपे फुटण्याच्या धास्तीचा होता, हे वर आलेच आहे. वहिनींचा पक्ष आम्हांस अधिक जवळचा वाटतो, मात्र त्यांच्याइतकी घाईही नको.

एरवी हे मत टिपणीवर लिहून आम्ही फाइल बांधून ठेवली असती. परंतु गेल्या आठवड्यात आमच्या बदलीचा हुकूम आला: नागपूर. मालमोटारीच्या पाठीवर, पावसाळ्यात, भांड्यांच्या खोक्यात ही बाटली काय अवस्थेत पोहोचेल हे सांगावयास नको. शिवाय राज्याची हद्द ओलांडताना अशा वस्तूंसंबंधी जे नियम आहेत ते सरकारी नोकराने तरी पाळावेत. बाटलीवरची तारीख पाहिली. गेल्या ऑक्टोबरची निघाली. म्हणजे ही 'अस्सल ऑक्टोबरची', आणि आज तिचे वय नऊ महिने. येत्या रविवारी शेजारच्या बंगाली गृहस्थांस बोलावून ती उघडण्याचे ठरविले आहे आणि तसे दिल्लीस कळविले. उत्तर उलटटपाली आले. वहिनींनी लिहिले आहे की, हळू ओता आणि तळचा गाळ बाटलीतच राहू द्या. त्याखाली निराळ्या शाईत स्नेह्यांची ओळ आहे: गाळ टाकू नकोस, शेवटी लहान पेल्यात वेगळा घे, सगळे सार त्यातच असते.